मेघालयातले मुळांचे पूल : पुलाला पाचपैकी पाच, टूरवाल्यांना दोन

मेघालयला जाऊन आल्यापासून जो तो विचारतोय की तो रूट ब्रिज (जिवंत झाडाच्या मुळांचा पूल) खरंच एवढा भारी आहे का, की नुसती रील्सची हवा आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवायचा आता कंटाळा आलाय. आधीच सांगते, मी सिव्हिलवाली आहे, कोकणात साकव आणि छोट्या पुलांची कामं बघण्यात नोकरीतली बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे माझा रिव्ह्यू 'पूल म्हणून कसा आहे' या अंगाने जाणार. धबधबा किती फोटोजेनिक आहे वगैरेसाठी दुसरे लोक आहेत.

आणि पहिला मुद्दा हाच की 'रूट ब्रिज' म्हणजे एकच एक पूल असतो असं काही नाही. खासी आणि जैंतिया टेकड्यांच्या दक्षिणेच्या उतारावर, म्हणजे जिथून डोंगर सरळ बांगलादेशच्या मैदानात उतरतो तिथे, सत्तरच्या वर गावांत मिळून शंभरेक असे पूल आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलं ते कुठल्या एका पुलाचं नाही, या सगळ्या परिसराचं गेलंय. पण टूरिस्टांना माहीत असतात दोनच. एक रिवाईचा, तो मावलिन्नोंगच्या शेजारी, 'आशियातलं सगळ्यात स्वच्छ गाव' म्हणून जाहिरात होते ना, तेच मावलिन्नोंग. हा एकमजली, थिलोंग नदीवर, पार्किंगपासून दगडी पायऱ्या उतरल्या की दहा-पंधरा मिनिटांत पोचता. दुसरा नोंग्रियाटचा दुमजली, उमशियांगच्या ओढ्यावर, तिथे गाडी जातच नाही, सोहराहून (आपण चेरापुंजी म्हणतो ते) टिर्ना गावापर्यंत गाडी आणि मग साधारण ३५०० पायऱ्या. हो, बरोबर वाचलंत. आणि त्या सगळ्या आधी उतरायच्या असतात, म्हणजे दमायचं काम नंतरसाठी राखून ठेवलेलं.

आता यात घोळ काय होतो तर टूरवाले ब्रोशरवर फोटो टाकतात दुमजलीचा आणि नेतात रिवाईला. आमच्याही टूरवाल्याने हेच केलं, नाव घेत नाही, पण आयटिनररीत 'लिव्हिंग रूट ब्रिज' एवढंच लिहिलेलं आणि वर मोठ्ठा फोटो डबल डेकरचा, आणि प्रत्यक्षात रिवाईला गाडी थांबवून 'अर्ध्या तासात परत या' म्हणाला. मी विचारलं अहो दादा तो दुसरा पूल कुठाय, तर म्हणे मॅडम तिकडे सीनियर लोकांना जमत नाही. बरोबर आहे, नाही जमत, पण मग फोटो तरी तिकडचा लावू नका ना. शेवटी मी आणि नवरा नोंग्रियाटला वेगळे गेलो, सासूबाई आणि बाकीचे सोहरालाच राहिले. त्यामुळे बुकिंग करताना सरळ विचारा, रिवाई की नोंग्रियाट, आणि ते लेखी घ्या.

बरं, आता पूल.

झाड कुठलं आहे सांगितलं तर हसाल, रबराचं. तेच, जे आपल्याकडे हॉलच्या कोपऱ्यात सिरॅमिकच्या कुंडीत 'रबर प्लांट' म्हणून उभं असतं आणि ज्याची पानं आपण रविवारी ओल्या फडक्याने पुसतो. शास्त्रीय नाव फायकस इलॅस्टिका, म्हणजे आपल्या वडाच्याच कुळातलं, आणि वडासारख्याच याला पारंब्या सुटतात. ओढ्याच्या काठावर, बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या दगडाला मिठी मारून हे झाड वाढतं, मग गावकरी त्याच्या कोवळ्या पारंब्या पलीकडच्या काठाकडे ओढून नेतात. कोवळी पारंबी हवी तशी वळते, पण तिला आधार लागतो, म्हणून काही ठिकाणी पोफळीचं खोड उभं चिरून आतून कोरतात आणि त्या पन्हळीतून मूळ सोडतात, काही ठिकाणी बांबूचा सांगाडा आधी टाकतात आणि त्यावर मुळं गुंडाळत नेतात. पोफळीची पन्हळ म्हटल्यावर मला एकदम घरचं वाटलं, आपण कोकणात तिच्यातूनच शिपण्याचं पाणी नेतो. पन्हळीत किंवा बांबूवर मूळ वाढत वाढत पलीकडे पोचलं की त्याचं टोक तिकडच्या मातीत लावून द्यायचं. ते एकदा तिकडे रुजलं की खरी मजा सुरू होते, कारण आता ते दोन्ही टोकांना बांधलं गेलंय, आणि ते जाड होत जातं. शिवाय दोन मुळं एकमेकांवर दाबून बांधून ठेवली की साल घासून घासून आतून जुळतात आणि एकजीव होतात, आंब्याचं कलम लागतं ना तसंच. म्हणजे आपण स्टीलमध्ये जो जॉइंट वेल्डिंग करून घेतो तो इथे झाड स्वतः करून देतं, त्याला फक्त जवळ आणून बांधायचं आणि वाट बघायची.

किती वाट? पूल माणसं न्यायच्या लायकीचा व्हायला पंधरा ते तीस वर्षं. इथेच आपल्याकडच्या लोकांचा विषय संपतो. पाच वर्षांत नारळ फुटणार नाही, फीत कापली जाणार नाही, आणि ज्याने पहिली पारंबी ओढली त्याच्या मुलाने तो वापरायचा. मी वीस वर्षांच्या कामाचं एस्टिमेट केलं तर माझे साहेब मला रजेवर पाठवतील.

पण मग एवढा खटाटोप का, साधा बांबूचा पूल का नाही, असा प्रश्न येतोच. तिथला पाऊस लक्षात घ्या. सोहराला वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पडतो, ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे, तो आजही विक्रम आहे. शेजारच्या मावसिनरामला जून २०२२ मध्ये एका दिवसात, हो चोवीस तासांत, १००३.६ मिलिमीटर झाला. आपल्या पुण्यात आख्ख्या वर्षात सहसा एवढा पडत नाही. अशा पावसात बांबू आणि लाकूड दोन-तीन वर्षांत कुजतं, लोखंडाला गंज धरतो, आणि काँक्रीट करायचं तर खडी-सिमेंट पाठीवरून त्या पायऱ्या उतरून न्यायचं. जिवंत मुळाला यातलं काहीच लागत नाही. पाऊस पडला की ते सडायच्या ऐवजी वाढतं. आपल्याकडे पुलाचं डिझाइन लाइफ शंभर वर्षं धरतात आणि पहिल्या दिवसापासून तो पूल थोडा थोडा म्हातारा होत जातो. इथे उलटा हिशोब आहे, सुरुवातीला कमजोर आणि मग वर्षागणिक मजबूत, जोपर्यंत झाड धडधाकट आहे आणि कोणीतरी त्याच्याकडे बघतंय तोपर्यंत.

आणि पाया! मी तिथे पुलाच्या खाली उतरून बराच वेळ काठच बघत बसले होते, नवरा म्हणाला तू फोटो काढायला आलीस की साइट इन्स्पेक्शनला. पण बघण्यासारखंच आहे. आपले छोटे पूल पडतात ते बरेचदा वरून नाही पडत, खालून पडतात, पुराचं पाणी पायाखालची माती-वाळू खरवडून नेतं आणि मग एक दिवस सगळं बसतं. इथे अबटमेंट (पुलाचं टोक काठावर ज्यावर टेकतं तो भाग) म्हणजे झाडाचा बुंधा आणि त्याने कवळलेले प्रचंड धोंडे, मुळं त्या धोंड्यांच्या फटीफटीत शिरलीत, माती धरून ठेवलीय. पाणी जितकं खरवडायला बघेल तितकी आणखी मुळं तिथे. शिवाय पूल भरीव नाही, जाळीदार आहे, त्यामुळे अगदी पाणी वर चढलं तरी त्याला आरपार जायला वाट आहे. दुमजलीचा वरचा मजला त्यासाठीच म्हणे, खालचा पुरात बुडायला लागला म्हणून गावाने त्याच झाडाच्या मुळांतून वर आणखी एक घेतला. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर पातळी रिव्हाइज झाली आणि पूल पाडून नवा बांधायच्या ऐवजी त्याच पुलावर वाढीव काम केलं, तेही विना टेंडर.

चालायला कसा आहे? हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण हे रीलमध्ये कळत नाही. नोंग्रियाटला पोचायच्या आधी वाटेत लोखंडी तारांचे दोन झुलते पूल लागतात, खाली हिरवंगार पाणी आणि मोठाले धोंडे, पायाखाली तारा आणि त्यांच्या मधल्या फटी, आणि समोरून कोणी आलं की सगळा पूल डुलायला लागतो. मी आयुष्यभर पूल बघितलेत पण तिथे माझी फाटली हे कबूल करते, दोन्ही हातांनी तार धरून खाली न बघता गेले. आणि त्यानंतर मुळांच्या पुलावर पाय ठेवला तर तो हललाच नाही. अजिबात नाही. मधल्या फटी दगडांनी, लाकडांनी, पाल्याने आणि मातीने भरून काढलेल्या असतात, त्यावर चालून चालून ती बसलीय, अगदी पायवाटेवर चालल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही बाजूला मुळांचाच कठडा. एका वेळी पन्नास माणसं पेलतो असं तिथे सांगतात, बघितल्यावर ते खोटं वाटत नाही. फक्त पावसानंतर वरची मुळं निसरडी होतात, आणि काही ठिकाणी बाहेर आलेल्या मुळाला ठेच लागते, खाली बघून चाला.

दुमजलीच्या आधी नोंगथिम्माई गावातून एक फाटा फुटतो, तिथे रितिम्मेनचा पूल आहे, एकमजली पण लांबच लांब. माझं मत विचाराल तर पूल म्हणून तो जास्त देखणा आहे. बहुतेक लोक परत येताना बघू म्हणून पुढे जातात आणि परत येताना कोणाच्या अंगात दम नसतो, त्यामुळे तिथे गर्दी नाही. जातानाच बघून घ्या. आम्ही गेलो तेव्हा एक बाई पाठीवर ती शंकूसारखी बांबूची टोपली (खोह म्हणतात), तिचा पट्टा कपाळाला, अशी सुपारीचं ओझं घेऊन सरसर निघून गेली, आम्ही कठड्याला चिकटून बाजूला झालो. तिच्यासाठी तो पूल म्हणजे शेतावर जायचा रस्ता, बास.

आणि मूळ गोष्ट तीच आहे. हे पूल कोणाला दाखवायला केलेले नाहीत. या उतारावरची वार-खासी मंडळी पिढ्यानपिढ्या सुपारी, विड्याची पानं, मिरी, तमालपत्र, संत्री, फणस असलं पिकवतात, बागा दरीच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, आणि पावसाळ्यात मधला ओढा तुफान. माल खाली सिल्हेटच्या बाजारापर्यंत जायचा, १९४७ ला फाळणी झाली, मध्ये सीमा आली आणि तो व्यापार तुटला, तरी बागा राहिल्या आणि वाटाही राहिल्या. ब्रिटिशांच्या बंगाल इंजिनिअर्समधला हेन्री यूल नावाचा एक तरुण अधिकारी या डोंगरातला कोळसा खाली मैदानात कसा न्यायचा ते शोधायला आला होता, ते त्याला काही जमलं नाही, पण १८४४ मध्ये त्याने या मुळांच्या पुलांबद्दल लिहून ठेवलं. आमच्या धंद्यातला माणूस, स्वतःचं काम फसलं तरी दुसऱ्याचं चांगलं काम त्याच्या नजरेतून सुटलं नाही. आत्ता अलीकडे म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ७४ पुलांचा अभ्यास करून २०१९ मध्ये पेपर काढला, की शहरात इमारती आणि झाडं अशी एकत्र वाढवता येतील का. कोणाला शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

मेंटेनन्सचा प्रकार तर मला फारच आवडला. एजन्सी नाही, वार्षिक बजेट नाही. नवीन पारंबी लोंबायला लागली की जो कोणी जाता-येता बघेल तो तिला उचलून जुन्या मुळाभोवती गुंडाळतो. आमच्याबरोबर जो मुलगा वाट दाखवायला होता, असेल अठरा-एकोणीसचा, बोलता बोलता त्याने कठड्याच्या बाहेर लोंबणारं एक पेन्सिलीएवढं मूळ सहज आत वळवलं, दोन वेढे दिले आणि पुढे चालू लागला. मी विचारलं हे कोणी शिकवलं, तर त्याला प्रश्नच कळला नाही. हिंदीत म्हणाला, दीदी, ऐसे ही करते हैं.

आता तक्रारी. पुलाबद्दल एकही नाही, सगळ्या आपल्याबद्दल.

रिवाईला आम्ही गेलो तेव्हा पुलावर थांबायला मनाई होती, चालत पलीकडे जायचं, फोटो खाली उतरून दगडांवरून काढायचे, आणि एक काका शिट्टी घेऊन उभे होते, 'आगे बढ़ो, आगे बढ़ो'. लोक त्यांच्यावरच चिडत होते. एवढे पैसे खर्च करून आलो, एक फोटो काढू देत नाहीत, वगैरे. अहो, पण का नको ते तरी बघा. हजारो पाय रोज पडले की वरची माती दबून दगडासारखी होते, मुळांची साल सोलवटते, नवीन मुळं फुटायला जागाच राहत नाही. आणि आपल्याला तर हे कोणी समजावून सांगायची गरज नको. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल गेला, एसटीसकट माणसं गेली, आणि १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असतानाच कोसळला. गावातल्या माणसांपुरत्या केलेल्या पुलावर रविवारची जत्रा चढवली की काय होतं ते आपण आपल्या मावळात बघितलंय. तेव्हा तो शिट्टीवाला काका मला त्या अख्ख्या स्पॉटवरचा सगळ्यात शहाणा माणूस वाटला. उलट नोंग्रियाटला कधीकधी कोणीच थांबवायला नसतं आणि मग वरच्या मजल्यावर पंधरा जणांचा ग्रुप उड्या मारत रील काढतोय असं दृश्य असतं.

ग्रुप मराठी होता. लांबूनच कळलं, 'ए पक्या, खालून घे रे, दोन्ही मजले आले पाहिजेत'. बाहेरगावी मराठी ऐकलं की कान टवकारतात, बरं वाटतं, तसं मलाही वाटलं, पण मग त्यांच्यातला एक जण किल्लीने मुळावर काहीतरी कोरायला लागला. गडावर बदाम काढणारी आपली जमात इथेही पोचलीय. या झाडाला कोरलं की पांढरा चीक येतो, तो आला, तेव्हा तो म्हणतो 'आयला, दूध निघालं'. मी जाऊन बोलले. थोडी बाचाबाची झाली. 'काकू, तुमचा पूल आहे का' इथपर्यंत गेलं. आमच्या वाटाड्या पोराने मध्ये पडून शांतपणे त्यांना खालच्या मजल्यावर नेलं, आणि मला लाज वाटली ती त्याच्या त्या शांतपणाची.

स्टार कापायचे ते याचे, आणि टूरवाल्यांचे. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं वाटेवर दिसली, गावाने जागोजागी बांबूच्या शंकूच्या कचरापेट्या लावल्यात तरी. तो कचरा परत ३५०० पायऱ्या वर कोणीतरी पाठीवर घेऊन जाणार आहे एवढं डोक्यात ठेवा. गॅसचा सिलिंडर, तांदूळ, तुमची ती मॅगी, सगळं त्याच पायऱ्यांवरून पाठीवर येतं, म्हणून वस्तू महाग मिळाली की कुरकुर करू नका.

राहायचं असेल तर नोंग्रियाटलाच होमस्टेला रहा, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. होमस्टे साधे आहेत, फारच साधे, गादी, मच्छरदाणी, सामाईक बाथरूम, गरम पाणी मागितलं तर बादलीत देतील. हॉटेलच्या अपेक्षेने गेलात तर वैतागाल. जेवण भात, डाळ, भाजी, अंडं किंवा चिकन, तिखट कमी, पण भूक एवढी लागलेली असते की मी तीनदा भात घेतला. घरच्या मावशींना तिथे 'काँग' म्हणतात, म्हणजे ताई, तसंच म्हणा, चेहराच खुलतो. आभार मानायला 'खुब्लेई'. फायदा असा की दुपारी तीन-साडेतीननंतर दिवसभराची सगळी गर्दी वर चढायला लागते आणि पूल रिकामा होतो, आणि सकाळी साडेसहाला तर तिथे फक्त शाळेत जाणारी पोरं आणि तुम्ही. पुलाखालच्या डोहात पाणी थंडगार, पाय सोडून बसलं की छोटे मासे चावायला येतात, मॉलमध्ये ज्याचे पैसे घेतात ते इथे फुकट. एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं, बरेच जण करतात, पण मग पूल बघायचा वीस मिनिटं आणि पायऱ्या पाच तास असला हिशोब होतो. नोंग्रियाटच्या पुढे तासा-दीड तासावर रेनबो फॉल आहे, वाट खडतर आहे, नवरा गेला, मी नाही गेले, तो म्हणतो पाणी खरंच निळं आहे.

सीझनबद्दल. जून ते सप्टेंबर नको, नुसता उत्साह म्हणून जाऊ नका, पायऱ्यांवर शेवाळ, जळवा, आणि ओढ्याला कधी लोंढा येईल नेम नाही. तिकडचे लोक पावसात डोक्यावर-पाठीवर क्नुप घेतात, बांबू आणि पानांचं, हुबेहूब आपलं इरलं, फक्त कासवाच्या पाठीसारखं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, पाणी स्वच्छ आणि झाडी हिरवी. डिसेंबर ते फेब्रुवारीपण चालेल, पण धबधबे बारीक होतात, आणि गंमत म्हणजे जगातला सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात तेव्हा पाण्याची टंचाई असते, सगळं पाणी उतारावरून आणि चुनखडीतून निघून जातं, बायका हंडे घेऊन रांगेत दिसतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

सासूबाईंसारख्या ज्येष्ठांना रिवाई. गुडघ्याचा त्रास असेल तर नोंग्रियाटचा विचारच करू नका, उतरताना काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरतात की कमोडवर बसताना आई आठवते. टिर्नाला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात, घ्याच, शहाणपणा करू नका. आठ-दहा वर्षांच्या पुढची मुलं मजेत करतात. त्या लोखंडी पुलांवर मात्र हात धरून न्या, एका वेळी दोघं-तिघंच चढा. बूट घट्ट पकडीचे, नवे कोरे नकोत.

गुवाहाटीहून शिलाँग शंभरेक किलोमीटर, शिलाँगहून सोहरा पंचावन्नच्या आसपास, शिलाँगच्या बडा बाजारातून शेअर सुमो मिळतात, टिर्नापर्यंत मात्र सोहराहून वेगळी गाडी करावी लागते आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, संध्याकाळी वर आल्यावर तिथे टॅक्सी शोधत बसायची ताकद नसते. सकाळी आठच्या आत उतरायला लागा. रविवारी बहुतेक गाव चर्चला असतं, दुकानं, टपऱ्या बंद मिळतील, तो दिवस टाळा. एंट्री फी दोन्हीकडे आहे, अगदी किरकोळ, गावाच्या दोरबारकडे (गावसभेकडे) जाते आणि पायऱ्या-कचरापेट्यांना लागते, त्यात घासाघीस करणारे पण बघितले मी. रोख पैसे सोहरालाच काढून ठेवा, खाली नेटवर्क कधी असतं कधी नसतं, यूपीआयच्या भरवशावर उतरू नका.